सिसेल नावाचा ससा

फोबोर्गच्या बंदरावरून चढ चढून वर आलं की बीटच्या शेताला लागून एस्किल्डचं घर होतं आणि घराला लागून त्याची कार्यशाळा. एस्किल्ड कातारी होता. जिन्याच्या कठड्याचे गज, खुर्च्यांचे पाय, लाटणी, झाडूचे दांडे, गावाला जे लागेल ते तो लेथवर कातून द्यायचा. बोलायला मात्र महाकंजूष. त्याची बायको आस्ता याच्या अगदी उलट. सकाळी चूल पेटवताना जी सुरू व्हायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत. कुणी चिडवलं तर म्हणायची, "मला दोघांचं बोलावं लागतं, काय करू?"

लग्नानंतर सात वर्षांनी त्यांना मुलगी झाली. तिचं नाव सिसेल.

सिसेल पाच वर्षांची असताना, बावन्न सालच्या शरदात, पोलिओची साथ आली. मंगळवारी तिला ताप भरला. गुरुवारी सकाळी पलंगावरून उतरायला गेली आणि खाली बसली ती उठलीच नाही. त्याच दुपारी तिला ओडेन्सच्या इस्पितळात नेलं. साथीच्या वॉर्डात आईबापांना आत सोडत नसत. काचेच्या पलीकडे उभं राहायचं, तेही रोज एकानेच, अर्धा तास. आस्ता आणि एस्किल्डने दिवस वाटून घेतले. एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई बाहेर येऊन एस्किल्डला म्हणाल्या, "तिला ससा हवाय म्हणे. तुमच्या शेतात येतो तो."

शेतात खरोखरच एक रानससा यायचा. कान पाठीवर पाडून, बीटच्या दोन ओळींमध्ये मातीच्या ढेकळासारखा दबून बसायचा. सिसेल स्वयंपाकघराच्या खिडकीत नाक चेपून त्याच्याकडे बघत राहायची. एस्किल्डने घरी येऊन बीच झाडाच्या लाकडाचा एक उरलेला तुकडा लेथवर चढवला. अंग गोल कातलं, डोकं वेगळं कातून बसवलं, कान पटाशीने कोरले आणि जवसाचं तेल लावून तो ससा दुसऱ्या दिवशी आस्ताबरोबर पाठवला. नर्सबाईंनी तो घेताना आधीच सांगितलं, "आत गेलेली वस्तू परत बाहेर येत नाही हं. नियम आहे."

"न येऊ दे," आस्ता म्हणाली. "पोर आली की झालं."

दहावा दिवस एस्किल्डचा होता. संध्याकाळच्या बसने तो परतला तेव्हा आस्ता बटाटे सोलत होती. तो टोपी न काढता दारातच उभा राहिला.

"गेली," तो म्हणाला.

आस्ताने काही विचारलं नाही. ती कधी गेली, कशी गेली, शेवटी काही म्हणाली का. त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही. त्या दिवशी आपली पाळी असायला हवी होती, हा एकच विचार आस्ताच्या मनात काट्यासारखा मोडून बसला. पोरीचा शेवटचा अर्धा तास त्याच्या वाट्याला गेला होता, आणि तो माणूस असा, की त्यातलं एक अक्षर बाहेर यायचं नाही.

वॉर्डातले कपडे, पांघरूण, ससा, सगळं नियमाप्रमाणे जाळलं गेलं. एस्किल्डने थडग्यावर ओकचा एक क्रूस करून लावला. दगड पुढे कधीतरी लावू, असं दोघांनीही मनातल्या मनात ठरवलं असेल. दगड लावायचा तर त्याबद्दल बोलावं लागलं असतं.

आणि आस्ताने बोलणंच सोडलं. सिसेलचे कपडे तिने पाद्र्यांच्या बायकोकडे पोचते केले, छोटी खुर्ची माळ्यावर टाकली. किर्स्टीने नावाची शेजारीण एकदा कॉफी पिता पिता "आपली सिसेल असती तर..." असं म्हणायला गेली, तेव्हा आस्ता कप तसाच ठेवून उठून गेली. तेव्हापासून त्या घरात ते नाव कुणी घेतलं नाही. आस्ताला वाटायचं, नाव घेतलं की थोडंथोडं झिजणार. जपून ठेवलं तर राहील.

हिवाळ्यात एका दुपारी ती एस्किल्डला जेवायला बोलवायला कार्यशाळेत गेली. खिडकीखालच्या फळीवर ससे बसले होते. अकरा. बीचचे, अक्रोडाचे, एक ओकचा.

"हे काय?"

"जमत नाहीये," एस्किल्ड म्हणाला. त्याच्या मिशीवर भुसा होता. "पाठ तशी येत नाही. पहिला घाईघाईत केला, माप घेतलं नव्हतं. आता हाताला आठवत नाही."

आस्ता दाराकडे वळली. मग म्हणाली, "जेवण गार होतंय." त्यानंतर तिने कार्यशाळेत पाऊल टाकलं नाही. जेवणाची वेळ झाली की अंगणातून हाक मारायची.

पुढच्या उन्हाळ्यात कोपनहेगनहून ब्रेन्डस्ट्रुप नावाचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. शहरात त्यांचं घरसजावटीचं मोठं दुकान होतं आणि त्यांना दिव्यांच्या बैठका कातून हव्या होत्या. आस्ताने त्यांना कॉफी दिली, केक दिला. मग ते एस्किल्डबरोबर कार्यशाळेत गेले आणि तासाभराने एक खोकं गाडीत ठेवून निघून गेले. दिव्यांच्या बैठका असतील, असं तिला वाटलं.

नाताळच्या आधी किर्स्टीने तिला बळेबळेच ओडेन्सला बाजारात घेऊन गेली. "चल, दोन माणसं बघ, चार वस्तू बघ. भिंतीकडे बघून बघून भिंतीसारखी झालीस." मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या काचेत कापसाचा बर्फ पसरला होता आणि त्यावर सागवानी ससे बसले होते. मोठे, लहान, कान पाडलेले. समोर एक सुबक कार्ड होतं. सिसेल. साग. दोन आकारांत.

किर्स्टीनेने तिचा दंड धरला. "आस्ता, चल इथून."

आस्ता आत गेली. गल्ल्यापाशी फरची टोपी घातलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणत होत्या, "मला एक सिसेल द्या. नाही, दोनच द्या. एक मोठी, एक लहान."

"मोठी संपली हो बाई," विकणारी म्हणाली. "परवा येईल. यंदा ज्याला त्याला सिसेलच हवी आहे. सकाळपासून ठेवते कधी न् संपते कधी."

आस्ताची पाळी आली. विकणारीने एक लहान ससा तिच्या हातात ठेवला. लाकूड गुळगुळीत, तेलाचा तोच वास. तिने तो उलटा केला. पोटाखाली ते नाव तापल्या लोखंडाने उमटवलं होतं.

"हे नाव कुणाचं?"

"सशाचंच की. गोड आहे ना? या कलाकार लोकांना बरोबर सुचतात असली नावं. गुंडाळून देऊ?"

"नको," आस्ता म्हणाली आणि ससा गल्ल्यावर ठेवला. तो आडवा पडला. तिने तो उचलून नीट बसवला आणि बाहेर आली.

घरी पोचली तेव्हा एस्किल्ड चुलीपाशी मोजे वाळवत बसला होता. तिने कोटसुद्धा काढला नाही.

"तू विकलीस तिला."

त्याला लगेच कळलं. "मी ससे विकले, आस्ता."

"नाव कुणाचं टाकलंस?"

त्याने हातातला मोजा उलटा केला. "त्या माणसाने ससा हातात घेतला आणि विचारलं, याला काय म्हणता? वर्षभरात मला कुणी काही विचारलं नव्हतं. तिचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. घरात नाही, गावात नाही. त्याने विचारलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, छान नाव आहे." एस्किल्डने मोजा मांडीवर ठेवला. "मला बरं वाटलं."

"बरं वाटलं."

"हो."

"मी ते तोंडातून काढत नव्हते, कारण मला ते पुरवायचं होतं," आस्ता म्हणाली. "तू ते दुकानात मांडलंस. बायका म्हणतायत, मोठी संपली, लहान द्या."

लग्नापासून एस्किल्ड एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. ती हे विसरली नाही, पण त्या दिवशी तिला त्याचं काही वाटलंही नाही.

त्याने दुसऱ्याच दिवशी ब्रेन्डस्ट्रुपना पत्र लिहिलं, नाव बदला म्हणून. उत्तर फार सभ्य आलं. माहितीपत्रकं छापून झाली आहेत, गिऱ्हाइकं आता त्याच नावाने मागतात, आणि करारात नावासकट आकार दुकानाचा आहे. एस्किल्डने करार वाचला नव्हता. कातारी माणूस, त्याने सही केली होती.

त्यानंतर दोन वर्षं गेली. मागणी वाढली, कार्यशाळेत दोन माणसं लागली. अंगणात सागाच्या फळ्या येऊन पडायच्या. आस्ता त्यांच्यावरून कपडे वाळत घालायला जायची. गावातल्या जुन्या लोकांना माहीत होतं, ते गप्प बसत. नव्यांना काय माहीत? नव्या मास्तरांची बायको वाणसामानाच्या दुकानात हसून म्हणाली, "काय हो, तुमची सिसेल जोरात चाललीय म्हणे. माझ्या जावेने परवा कोपनहेगनहून आणली, कान मोडून आला बिचारीचा." आस्ताने यीस्ट आणि कॉफी घेतली, पिशवीत भरली, घरी येऊन ओट्यावर ठेवली. मग ती आपली पेटी भरायला लागली.

"किती दिवस?" एस्किल्डने विचारलं. ती बहिणीकडे, एस्ब्यर्गला जाणार होती.

"माहीत नाही."

"मी बंद करू का हे?"

"तुझं तू बघ."

त्याने पेटी उचलून बसपर्यंत आणून दिली. बस सुटेपर्यंत तो खाली उभा होता. टोपी त्याच्या हातात होती.

एस्ब्यर्गला बहीण मारेनने तिला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळवून दिलं. रोज तीनशे पोरांचं जेवण. पोरांच्या गोंगाटात तिला बरं वाटायचं. कुठल्याही पोराचं नाव ती विचारायची नाही. नाताळला एस्किल्डचं पत्र यायचं, दोन ओळींचं. तब्येत ठीक. थंडी फार. तीही दोन ओळी लिहायची. अशी दहा वर्षं गेली.

ससे मात्र सगळीकडे होते. दंतवैद्याच्या खिडकीत, मुख्याध्यापकांच्या टेबलावर, मारेनच्या सुनेच्या दिवाणखान्यात. एकदा तिने दुकानाच्या काचेतून नीट पाहिलं तर सशाची पाठ सपाट झाली होती. कान वेगळे करून नुसते चिकटवले होते, डिंकाची रेघ दिसत होती. ती मारेनला म्हणाली, "आता तर त्याला लाजही उरली नाही. पोरीच्या नावावर वाट्टेल ते काढतोय."

"अगं, लिहून विचार तरी त्याला," मारेन म्हणाली.

"काय विचारू? धंदा कसा चाललाय?"

सहासष्टच्या ऑक्टोबरात किर्स्टीनेचं पत्र आलं. एस्किल्डची छाती पार गेली आहे. डॉक्टर म्हणतात, लाकडाची धूळ. एकटाच असतो, धड जेवत नाही. तुला कळव असं तो म्हणालेला नाही, मी कळवते आहे.

आस्ता दुसऱ्या दिवशी निघाली. घरात शिरली तर एस्किल्ड स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला होता. अंगावर कपडे लोंबत होते. तो उठायला गेला आणि खोकल्याने पुन्हा बसला.

"बस तू," ती म्हणाली. मग लाकडं आणायला ती मागच्या बाजूला गेली आणि कार्यशाळेचं दार उघडून बघितलं. लेथवर गोणपाट टाकलेलं होतं आणि गोणपाटावर बोटभर धूळ. पटाश्या भिंतीवर ओळीने लटकत होत्या, गंजलेल्या. फळीवर काही नव्हतं.

ती लाकडं घेऊन आली, चूल पेटवली आणि पाठमोरीच म्हणाली, "ससे कुठे करून घेतोस आता?"

"मी?"

"मग कोण?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात मी सोडले," एस्किल्ड म्हणाला. "माणसांना सांगितलं, दुसरीकडे बघा. नंतर दांडे कातायचो, तेही गेल्या दोन वर्षांपासून जमेना."

"आणि दुकानात येतात ते?"

"त्यांच्याकडे मापं आहेत, कागद आहे. कुठल्यातरी कारखान्यात होतात. मशीनवर."

आस्ता वळली. तिच्या हातात चिमटा तसाच होता. "मला कळवलं का नाहीस?"

"तुझं तू बघ, म्हणाली होतीस. मी बघितलं." तो दम घ्यायला थांबला. "मला वाटलं, किर्स्टीने लिहील. तुला कळलं असेल आणि तरी यायचं नसेल."

एकदा सिसेलचं नाव घेतल्यावर आस्ता कशी उठून गेली होती, ते किर्स्टीने विसरली नव्हती. तिने या दहा वर्षांत सशांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

आस्ता खाली बसली. दहा वर्षं तिने ज्याचा राग केला होता ते त्या माणसाने केलंच नव्हतं. तिने चिमटा खाली ठेवला. ती म्हणाली, "त्यांची पाठ सपाट आहे."

"हो ना," एस्किल्ड म्हणाला. "मी पण पाहिली. भिकार आहे."

तो हिवाळा तिने त्याच्याजवळ काढला. दुपारी उजेड असेपर्यंत दोघं खिडकीत बसायची. बीट काढून झालं होतं, शेत उघडं पडलं होतं. पहिल्यांदा कोण बोललं ते पुढे तिला आठवेना. बहुधा तीच. ती म्हणाली, सिसेलला मोजे घालायचा किती कंटाळा होता. तो म्हणाला, बंदरावर अनवाणी गेली होती एकदा, मीच नेली होती, तुला सांगितलं नाही. असं रोज थोडं थोडं. कधी एखाद्या गोष्टीवरून वादही व्हायचा. तिच्या झग्यावरची फुलं निळी होती की पांढरी. दोघंही आपलंच खरं म्हणून बसायची आणि मग लक्षात यायचं, विचारायला कुणी नाही.

जानेवारीत एकदा ती त्याला चमच्याने लापशी भरवत होती. दोन घास खाऊन त्याने मान फिरवली.

"खा. एवढीशी राहिलीय."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला. खोकला बसल्यावर म्हणाला, "तिने पण नाही खाल्ली."

"कुणी?"

"शेवटच्या दिवशी. हात हलत नव्हते तिचे. नर्स भरवत होती. तिने नर्सला काहीतरी सांगितलं, काचेतून मला ऐकू येईना. तर नर्सने चमचा सशाच्या तोंडाला लावला. एक घास तिला, एक सशाला, असं नाही. सगळी सशालाच. त्याचं तोंड पांढरं झालं नुसतं." एस्किल्ड खिडकीकडे बघत होता. "मग नर्स बाहेर येऊन म्हणाली, सिसेलने निरोप दिलाय. आईला सांगायचं नाही, लापशी सशाने खाल्ली म्हणून. मी काचेतून मान हलवली. तिने बघितलं. मग डोळे मिटले."

लापशी टाकलेली आस्ताला चालत नसे. ताट पुसून घेतल्याशिवाय ती पोरीला उठू द्यायची नाही. साऱ्या गावाला ते माहीत होतं.

"चौदा वर्षं," ती म्हणाली.

"कबूल केलं होतं तिला."

आस्ताने वाटी खाली ठेवली. तिला वाटलं होतं, सिसेलबद्दल जे काही कळायचं होतं ते सगळं कळून चुकलंय, नवीन आता काही येणार नाही. आणि हे एवढं चौदा वर्षं याच माणसाच्या पोटात होतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं कदाचित. बावन्न साली, बटाटे सोलता सोलता. ती रडली, आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याचा हात फार हलका झाला होता.

"अजून काय आहे?" तिने विचारलं. "अजून काय सांगितलं नाहीस?"

"एवढंच," तो म्हणाला. "मी खूप आठवून पाहिलं. एवढंच आहे."

फेब्रुवारीच्या चौदा तारखेला एस्किल्ड गेला. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला दोन दिवस लागले. त्याला सिसेलशेजारी ठेवलं. ओकचा क्रूस बुडाशी कुजून तिरका झाला होता.

बर्फ वितळल्यावर आस्ता दगड घडवणाऱ्याकडे गेली. पन्नाशीचा माणूस होता, अलीकडेच या गावात दुकान टाकलेला. त्याने वही उघडली. तिने आधी एस्किल्डचं नाव सांगितलं, साल सांगितलं. मग सिसेलचं.

"सिसेल?" त्याने पेन्सिल थांबवली. "ते सशाचं नाव ना? आमच्याकडे आहे एक. बायकोला भारी प्रेम त्याचं."

"ते माझ्या मुलीचं नाव आहे."

माणूस ओशाळला. "माफ करा बाई. मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार," आस्ता म्हणाली. "मी कुणाला सांगितलंच नाही."

त्याने ते नाव वहीत लिहिलं. मग हळूच म्हणाला, "केवढी होती?"

बाहेर त्याच्या अंगणात अर्धवट घडवलेले दगड ओळीने उभे होते. आस्ताने हातमोजे काढले आणि ते मांडीवर ठेवले.

"पाच," ती म्हणाली. "पाच पूर्ण. मोजे घालायची नाही. लापशी तर अजिबात आवडायची नाही तिला."